शाळा गुरांमागे निघाली तेव्हा

परिसर अभ्यास आज तिसरीच्या दप्तरात छापील पुस्तक म्हणून असतो. पण गावातले पक्षी, किडे, बेडूक हाच धडा मानणारं शिक्षण आपल्याकडे या पुस्तकाच्या कितीतरी आधी सुरू झालं, आणि तेही अडचणीतून.

१९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सोबतीला गेलं. तिथली मुलं गुरं चारायला रानात जायची, मग शाळेत बसणार कोण? तेव्हा शाळाच गुरांमागे निघाली. तिचं नाव कुरणशाळा. माँटेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती; त्यांची जागा खडे, बिया, पानं, शंख-शिंपल्यांनी घेतली. मला यातली मोठी गोष्ट वेगळीच वाटते. कोणतं पाखरू कुठे घरटं बांधतं, कोणत्या झाडाला कधी मोहोर येतो, हे गुराखी पोराला शिक्षकापेक्षा जास्त ठाऊक असतं. कुरणात त्या माहितीला किंमत येते. चार भिंतींत तीच माहिती बिनकामाची ठरते.

१९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. मुलं सहावी ते आठवीची, म्हणजे थोडी मोठी. पण त्यांनाही शेतात, ओढ्याकाठी नेऊन जीवजंतू पाहायला लावत. पुढे शेकडो शाळांत पोचलेला हा कार्यक्रम सरकारने २००२ मध्ये बंद केला, याची हळहळ अजून वाटते.

मधल्या काळात १९७५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने प्राथमिक वर्गांत विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं एकत्र करून 'परिसर' हा विषय आणला. १९९१ मध्ये पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. सक्तीने पुस्तक आलं, परीक्षा आली. मुलं पुस्तकातल्या चित्रावर फुलपाखराच्या चार अवस्थांची नावं लिहू लागली.

आणि त्याच शाळेच्या कुंपणालगत कागदी लिंबाचं झाड असतं. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी हमखास सापडते. जाळी लावलेल्या बरणीत रोज ताजी पानं घालत गेलं, की ती कात टाकत हिरवीगार होते, मग कोष करते. पुढचं सगळं मुलं स्वतःच सांगतात.