युरोपीय संघात गेल्यावर घरची राकिया बंद?

सर्बिया 2012 पासून युरोपीय संघाच्या सदस्यत्वाचा उमेदवार आहे आणि एक आवई अजून गावोगाव फिरते: ‘संघात गेलो की घरची राकिया (फळांपासून गाळलेली दारू) बंद, अंगणात डुक्कर कापणंही बंद.’ तसं काही नाही. शेजारचा क्रोएशिया 2013 मध्ये संघात गेला. तिथे हिवाळ्यात डुकरं आजही घरीच कापली जातात. मांसाचा तुकडा त्रिचिनेला जंतासाठी तपासून घ्यायचा, मांस घरीच खायचं. विकायचं असेल तर मात्र नोंदणी, स्वच्छतेचे नियम, सगळं आलंच.

राकियाचं भांडण बंदीचं नाही, कराचं आहे. संघातल्याच हंगेरीने घरगुती पालिंकाला, म्हणजे तिथल्या फळांच्या दारूला, पूर्ण करमाफी दिली, ती युरोपीय न्यायालयाने 2014 मध्ये नियमबाह्य ठरवली. दारू गाळण्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

खरी अडचण वेगळीच आहे, पण तिची चर्चा पारावर होत नाही. उमेदवार देशांच्या शेती आणि ग्रामविकासासाठी असलेल्या संघाच्या ‘इपार्ड’ योजनेतून सर्बियाला 2014-2020 साठी 17.5 कोटी युरो मंजूर झाले. पण ट्रॅक्टर घ्या, गोठा बांधा, आधी खर्च स्वतःच्या खिशातून करा. अनुदान कागदपत्रं तपासून मागाहून. चार गाईंच्या शेतकऱ्याने तेवढे पैसे आणायचे कुठून?