कूलर (बाष्पनशीतक)

कूलर : कोरडी, तापलेली हवा ओल्या ताट्यांतून ओढून पाण्याच्या बाष्पीभवनाने गार करणारे व पंख्याने खोलीत सोडणारे यंत्र. बाजारात याला 'डेझर्ट कूलर' म्हणतात. खानदेशात नुसते कूलर म्हटले, की खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर ठेवलेला, तीन बाजूंना ताट्या व चौथ्या बाजूला पंखा असलेला पत्र्याचा चौकोनी डबा डोळ्यांसमोर येतो. त्याचा रोजचा वापर सर्वपरिचित आहे. या नोंदीत त्याचा उगम, तत्त्व आणि ताट्या व पाणीव्यवस्था बदलण्याचे काम यांवर भर दिला आहे.

प्रदेश व हंगाम : जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे म्हणजे मुख्यतः तापीचे खोरे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आणि मधला प्रदेश बहुतांशी २०० ते ३०० मी. उंचीचा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४३-४५° से. पर्यंत जाणे नित्याचे असते आणि दुपारची हवा अतिशय कोरडी असते. कूलरला हीच हवा मानवते. जाड भिंतींच्या धाब्याच्या घरात दुपार निभावत असे. स्लॅबची घरे वाढली तसा कूलर घरोघर आला. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत ताट्या बदलून घ्याव्यात, असा इकडचा रिवाज आहे. मृगाचा पाऊस लागला की हंगाम संपतो.

शब्द : कूलरच्या बाजूला बसवायच्या ओल्या भरणीला 'ताटी' म्हणतात. हा शब्द हिंदी 'टट्टी'चा (खस की टट्टी) अपभ्रंश असल्याचा समज धंद्यात रूढ आहे. मात्र कामट्या-गवताची झडप वा आडोसा या अर्थाने ताटी मराठीत फार पूर्वीपासून आहे. मुक्ताबाईंच्या नावे असलेले ताटीचे अभंग सर्वांना ठाऊक आहेत आणि मुक्ताबाईंचे स्थान मुक्ताईनगर-मेहूण परिसरात, म्हणजे खानदेशातच मानले जाते. तेव्हा शब्द मराठीतलाच असून कूलरच्या निमित्ताने त्याला नवा अर्थ चिकटला, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. हिंदी व मराठी शब्दांचे मूळ एकच असणे त्याच्या आड येत नाही.

इतिहास : वाळ्याच्या मुळांचा थंडाव्यासाठी उपयोग जुना आहे, याबद्दल दुमत नाही. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या तिसऱ्या अंकात उन्हाने बाधलेल्या शकुंतलेसाठी प्रियंवदा उशीराचा, म्हणजे वाळ्याचा, लेप नेते. पण तो अंगाला लावायचा लेप आहे. वाऱ्याच्या वाटेत ओली मुळे धरण्याची कल्पना त्यात दिसत नाही. ती स्पष्टपणे 'आईन-इ-अकबरी'त आढळते. वाळ्याच्या ताट्यांचा 'खसखाना' रूढ करण्याचे श्रेय अबुल फझल अकबराला देतो आणि त्यावर पाणी शिंपडल्यास उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो, असे वर्णन करतो. दरबारी ग्रंथकार बादशहाकडे श्रेय नेणारच. अकबराने रीत शोधली असे मानण्यापेक्षा, चालत आलेल्या रितीला दरबारी थाट दिला असे मानणे सावधपणाचे ठरेल.

ताटीला पंख्याची जोड मिळणे हा पुढचा टप्पा. 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या अँग्लो-इंडियन शब्दकोशात 'थर्मँटिडोट' या यंत्राची नोंद आहे. धान्य उफणण्याचे यंत्र खिडकीत बसवायचे, त्याला ओल्या ताट्यांचे आवरण करायचे आणि पाती हाताने फिरवून गार वारा घरात ढकलायचा, अशी त्याची रचना होती. कोशकार हे नाव सुमारे १८३०-३२ चे मानतात आणि शोधाचे श्रेय डॉ. स्पिल्सबरी यांना, तेही अंधूक स्मरणावर विसंबून, देतात. दुसरे मत आजच्या कूलरचा उगम १९३० च्या दशकातील अमेरिकेच्या ॲरिझोना भागात मानते. तिथे लाकडी किसाच्या गाद्या, लहान पंप व विजेचा पंखा एका डब्यात आले. यंत्राच्या घडणीपुरते हे दुसरे मत ग्राह्य आहे. पण पंखा आणि ओली ताटी यांची सांगड त्याआधी शंभर वर्षे हिंदुस्थानात घातली गेली होती, हे नजरेआड करता येत नाही. भारतात या यंत्रांसाठी आयएस ३३१५ हे मानक आहे. गावोगावच्या पत्रेकामाच्या दुकानांत बनणारे कूलर सहसा मापाच्या सवयीवर बनतात.

तत्त्व : सुमारे ४०° से. तापमानाला १ किग्रॅ. पाण्याची वाफ होताना ते जवळजवळ २,४०० किलोज्यूल उष्णता शोषते. ही उष्णता हवेतून काढली जाते, म्हणून हवा गार होते. गार होण्याची सीमा ओल्या गोळ्याच्या तापमानाने ठरते. तापमापीच्या गोळ्याला ओली चिंधी गुंडाळून वारा घातला की ते मिळते. हवा ४३° से. व सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असताना ते साधारण २२-२३° से. येते. चांगली ताटी मूळ तापमान व ही सीमा यांतील अंतर ८० टक्क्यांपर्यंत तोडते. म्हणजे हवा २७° से. च्या आसपास मिळते. जुन्या, खचलेल्या ताटीतून हीच हवा ३० च्या वर येते. जुलैमध्ये ३३° से. व ७५ टक्के आर्द्रता असताना सीमाच २९° से. असते, तेव्हा नवी ताटीही जेमतेम तीन अंश गारवा देते आणि वर दमटपणा वाढवते. पावसाळ्यात कूलर 'काम करत नाही' ही तक्रार यंत्राची नसून हवेची आहे.

तासाला ३,००० घनमीटर हवा ओढणारा कूलर हवा १६ अंशांनी उतरवताना ताशी सुमारे २०-२२ लिटर पाणी उडवतो. ८० लिटरची टाकी म्हणून चार तासही पुरत नाही.

ताटीचे प्रकार : वाळा, लाकडी कीस (वुडवूल) आणि हनीकॉम्ब. वाळ्याचा सुगंध व गारवा उत्तम, पण मुळे महाग आणि काही आठवड्यांत कुजू लागतात. वुडवूल स्वस्त, एक हंगाम टिकतो. हनीकॉम्ब म्हणजे राळेने कडक केलेल्या पन्हळी कागदाचे ठोकळे. जाडी ५० ते १५० मिमी. पाणी बरे असेल तर ते दोन-तीन हंगाम जातात.

वुडवूल बदलणे : प्लग काढावा, टाकी रिकामी करावी आणि बाजूच्या चौकटी वर उचलून बाहेर घ्याव्यात. जुना कीस ओला असतानाच उपटावा. वाळल्यावर क्षार जाळीत घट्ट बसतात आणि उपटताना जाळी फाटते. नवा कीस पिंजून, सुमारे ४०-५० मिमी जाडीचा, हाताने चाचपत सारखा पसरावा. उजेडाकडे धरून जिथे उजेड जास्त दिसतो तिथे भर घालावी. चौकट भरल्यावर १५ सेंमी. अंतराने आडव्या तारा वा नायलॉनची दोरी ओवावी. हे टाळले तर भिजलेला कीस स्वतःच्या वजनाने खाली बसतो आणि वरच्या कडेला दोन-तीन बोटांची फट पडते. ताटी दिसायला ओलीच राहते, पण गरम हवा त्या फटीतून सरळ आत शिरते. नव्या कूलरचा गारवा पंधरा दिवसांत गेला की सर्वांत आधी इथे बोट घालून पाहावे. नवी ताटी बसवल्यावर पंखा बंद ठेवून अर्धा तास नुसता पंप चालवावा.

हनीकॉम्ब बसवणे : पत्र्याच्या जुन्या डब्यात हनीकॉम्ब बसवताना दोन चुका वारंवार होतात. एक, जाड ठोकळ्याचा मोह. १८ इंची पात्याचा साधा पंखा दाबाविरुद्ध हवा ओढण्यात दुबळा असतो. १५० मिमीचा ठोकळा घातला की हवा अधिक गार येते, पण इतकी कमी येते की खोली गार होत नाही. अशा डब्याला ७५ ते १०० मिमी पुरे. तासाला ३,००० घनमीटर हवेसाठी ६०० × ६०० मिमीच्या तीन चौकटी घेतल्या, तर हवेचा वेग सेकंदाला सुमारे ०.८ मी. पडतो आणि दोन्ही प्रकारच्या ताट्यांना तो सोसतो. दुसरी चूक उलट बसवण्याची. काही ठोकळ्यांत पन्हळींचे दोन उतार असमान असतात, एक ४५ अंशांचा व दुसरा १५ अंशांचा. यातला अधिक तीव्र उतार बाहेरच्या, हवा शिरते त्या बाजूला खाली उतरत गेला पाहिजे. तो पाण्याला बाहेर खेचतो आणि आत ओढणाऱ्या हवेशी तोल राखतो. ठोकळा उलटा बसला की पंख्यातून खोलीत तुषार येतात आणि दोष पंपाला दिला जातो. दोन्ही उतार समान असतील तर दिशा बघायची गरज नाही. ठोकळा आणि चौकट यांतील फट फोमच्या पट्टीने बंद करावी.

पाणी : हनीकॉम्बच्या वरच्या पृष्ठाला, दर चौरस मीटरला, मिनिटाला सुमारे ६० लिटर पाणी लागते. ६०० मिमी रुंद व १०० मिमी जाड ठोकळ्याला हे मिनिटाला साडेतीन लिटर, म्हणजे तिन्ही मिळून ताशी ६५० लिटरच्या घरात येते. पाटीवर ताशी ९००-१,००० लिटर लिहिलेला पंप म्हणूनच घ्यावा, कारण पाणी वर चढताना त्याचा प्रवाह घटतो. वितरणासाठी ठिबक सिंचनाची १६ मिमीची लॅटरल नळी चालते आणि ती खानदेशात कुठल्याही कृषी केंद्रात मिळते. तिला २५-३० मिमी अंतराने ३ मिमीची भोके पाडून ती भोके वर तोंड करून बसवावीत आणि वर पन्हळ उपडी ठेवावी. भोके खाली केली तर गाळ आठवडाभरात ती बुजवतो. डबा कलता असेल तर ताटीचा एक कोपरा कायम कोरडा राहतो. गवंड्याच्या पाणनळीने तो समपातळीत घ्यावा.

बोअरचे पाणी जड असते, आणि पाणी उडते पण क्षार उडत नाहीत. लिटरला ५०० मिग्रॅ. क्षार असलेले पाणी दिवसाला १६० लिटर उडाले तर ८० ग्रॅम क्षार मागे राहतात. दोन महिन्यांत जवळजवळ पाच किलो. ८० लिटरच्या टाकीत वरून भर घालत राहिले तर पहिल्या दिवसाअखेर पाणी तिप्पट व तिसऱ्या दिवसाअखेर सातपट खारट होते. ताटीवर पांढरा थर धरणे, ती कडक होणे, पंप अडकणे यामागे हेच आहे. महागड्या पॅडपेक्षा टाकी रोज किंवा दिवसाआड रिकामी करण्याचा उपयोग अधिक होतो. पाणीटंचाईच्या गावी हे जड वाटते, पण ते पाणी मोरी व अंगण धुण्यास चालते. टाकीतील थर प्लास्टिकच्या खरवडणीने काढावा. सायट्रिक आम्लाचे ५ टक्के द्रावण चालते, पण पत्र्यावर १५-२० मिनिटांहून अधिक नको, कारण आम्ल जस्ताचा मुलामा खाते. गंज घासून रेड ऑक्साइड व त्यावर डांबरी वा इपॉक्सी रंग द्यावा आणि पूर्ण वाळल्याशिवाय पाणी भरू नये. पंप तळाला न ठेवता फरशीच्या तुकड्यावर ठेवला की गाळ आत जात नाही.

विजेचा धोका : उन्हाळ्यात कूलरला चिकटून मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात. कारण बहुधा पंपाचे किंवा वायरीचे आवरण फुटून पाणी व पत्रा यांत वीज उतरणे हेच असते. तीन पिनांचा प्लग, डब्याला घट्ट कसलेली अर्थिंगची वायर व ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) हे तिन्ही हवेत. पाणी भरताना प्लग काढलेला असावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण चुकीच्या जोडणीत बटण न्यूट्रल तोडते आणि फेज डब्यात राहतो. पंप कोरडा चालला की जळतो. मोटारीचा कपॅसिटर बदलताना मोटारीवर लिहिलेलाच मायक्रोफॅरड घ्यावा.

आनुषंगिक : कूलरसमोरच्या बाजूला हवा बाहेर पडायला सुमारे ०.३ चौ.मी. मोकळी जागा हवी; बंद खोलीत आर्द्रता साचून अर्ध्या तासात गारवा मरतो. म्हणूनच एसी व कूलर एका खोलीत एकत्र चालवू नयेत, कूलरने सोडलेली वाफ एसीला पुन्हा पाणी करून काढावी लागते. डेंग्यूचे एडीस डास टाकीच्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात आणि अंड्यापासून डास व्हायला सुमारे आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करून कडा घासाव्यात. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, कारण अंडी कोरड्या कडेलाही तग धरतात. हंगाम संपल्यावर वुडवूल फेकून द्यावे, हनीकॉम्ब उन्हात वाळवून ठेवावा, मोटारीच्या बुशात तेलाचे दोन थेंब सोडावेत आणि पंप धुऊन घरात ठेवावा.