केल्डालची चाचणी पास झालेलं दूध

डेअरीवर किटली रिकामी झाली की शेतकऱ्याची नजर पावतीवरच्या दोन आकड्यांवर जाते: फॅट, म्हणजे स्निग्धांश, आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश आणि पाणी सोडून उरणारे घन पदार्थ. गाईच्या दुधाचा दर ३.५ आणि ८.५ ला धरलेला. पैसे आकड्यावर मिळतात म्हटल्यावर दूध राहिलं बाजूला, आकडाच वाढवणारे निघतात.

चीनमध्ये २००८ साली हेच उघडकीला आलं. पाणी घातलेल्या दुधात प्रथिनं कमी भरू नयेत म्हणून मेलामाइन मिसळलं जात होतं. न फुटणाऱ्या ताटल्या ज्याच्यापासून बनतात, तेच हे रसायन. प्रथिनं मोजायची केल्डाल पद्धत १८८३ची. ती मोजते फक्त नायट्रोजन आणि त्यावरून प्रथिनांचा हिशोब मांडते. दुधातल्या प्रथिनांत नायट्रोजन वजनाच्या सुमारे १६ टक्के, मेलामाइनमध्ये जवळजवळ दोन तृतीयांश! चाचणी आपल्या नियमाने अगदी बरोबर चालली होती. सहा बाळं दगावली, सुमारे तीन लाख आजारी पडली. कित्येकांना मूतखडे झाले.

मेलामाइनची वेगळी चाचणी आता आहेच. पण उद्या कोणी तिसरंच काही घातलं तर?

इथे कृत्रिम बुद्धिमत्ता कामाला येते. दुधावर अवरक्त किरण टाकले की पाणी, स्निग्धांश, प्रथिनं, लॅक्टोज आपापल्या तरंगलांबीचे किरण शोषून घेतात आणि चढउतारांचा एक आलेख मिळतो. मोठ्या डेअऱ्यांत फॅट मोजायला असं यंत्र असतंच. फरक इतकाच की त्यातून एरवी चार-पाच आकडे घेऊन बाकीचा आलेख सोडून देतात. हजारो अस्सल नमुन्यांचे पूर्ण आलेख संगणकाला दाखवले, की चांगलं दूध कुठवर बदलू शकतं ते त्याला उमगतं. एखादा नमुना त्या कुंपणाबाहेर गेला की तो अडवतो, भेसळीचं नाव ठाऊक नसतानाही. खवा आटवणाऱ्या हलवायाला पळी फिरवतानाच शंका येते, तसंच.

गोम अशी, की दूध मुळातच बदलतं. नुकत्याच व्यालेल्या म्हशीचं वेगळं, उन्हाळ्यातलं वेगळं. लसूणघास जास्त पडला तर दुधात युरिया आपसूक वाढतो. युरिया थोडा असतोच, म्हणून तर आपल्याकडे १०० मिलिलिटरला ७० मिलिग्रॅमपर्यंत तो चालतो. होल्स्टीन गाईंच्या दुधावर शिकलेलं मॉडेल पंढरपुरी म्हशीला चोर ठरवू शकतं. तेव्हा लाल दिवा लागला म्हणून किटली गटारात ओतायची नाही. नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा.

‘आमचं एआय सगळं पकडतं’ असं कोणी म्हणालं, की मी विचारतो, किती कमी प्रमाणापर्यंत? बुरशी लागलेल्या पेंडीतून दुधात उतरणाऱ्या अफ्लाटॉक्सिन एम१ची मर्यादा आपल्याकडे किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. एवढ्याशा विषाची अवरक्त आलेखात सावलीही पडत नाही, मग संगणक वाचणार काय? त्याच्यासाठी त्या विषाची वेगळी पट्टी-चाचणी किंवा प्रयोगशाळेतलं मास स्पेक्ट्रोमीटरसारखं महागडं यंत्र लागतं, आणि असं यंत्र गावच्या संकलन केंद्रावर नसतं.