मैदान आणि महासंघाची मतपेटी : भारतीय फुटबॉलमधील वादाची पार्श्वभूमी

नागपूरच्या किंवा कामठीच्या मैदानावर घाम गाळणाऱ्या खेळाडूला देशातील फुटबॉलचा कारभार कोणी पाहावा, हे ठरवताना थेट मत नव्हते. त्याचा क्लब जिल्हा संघटनेत, जिल्हा राज्य संघटनेत आणि राज्य संघटना १९३७ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघात, अशी ही उतरंड आहे. न्यायालयात वर्षानुवर्षे चाललेल्या वादाची मुळे तिच्यातच शोधावी लागतात.

प्रियरंजन दासमुन्शी यांची सुमारे वीस वर्षे आणि त्यानंतर आपल्या विदर्भातीलच, गोंदियाचे प्रफुल्ल पटेल, असे तीन दशकांहून अधिक काळात महासंघाने दोनच अध्यक्ष पाहिले. क्रीडा संघटनांच्या कारभारासाठीच्या २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा संहितेने अध्यक्षपदाला बारा वर्षांची मर्यादा घातली. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये महासंघाची २०१६ ची निवडणूक संहितेला धरून नसल्याने रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती देऊन माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी आणि माजी गोलरक्षक भास्कर गांगुली यांच्याकडे महासंघाच्या नव्या घटनेचा मसुदा सोपवला. डिसेंबर २०२० मध्ये पटेल यांचा कार्यकाळ संपला, तरी घटनेचा प्रश्न न्यायप्रविष्ट असल्याचे कारण देऊन निवडणूक लांबली. ज्या खटल्याने सत्तेला मर्यादा घालायची, त्याच्याच आधारे ती टिकावी, हे नैतिकदृष्ट्या समर्थनीय म्हणता येणार नाही.

मे २०२२ मध्ये न्यायालयाने कारभार तीन सदस्यांच्या प्रशासक समितीकडे दिला. राज्य संघटनांच्या ३६ मतांइतकीच ३६ मते माजी खेळाडूंना देण्याचा प्रस्तावही पुढे आला. मात्र ऑगस्टमध्ये फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने त्रयस्थ हस्तक्षेपाच्या, म्हणजे महासंघाच्या कारभारात बाहेरच्यांनी ढवळाढवळ केल्याच्या, कारणावरून महासंघाला निलंबित केले आणि त्याची झळ पदाधिकाऱ्यांआधी आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या गोकुलम केरळच्या महिला संघाला बसली. त्यांना न खेळताच परतावे लागले. समिती बरखास्त झाली, निलंबन उठले, पण खेळाडूंची ती मतेही गेली. स्वायत्तता राखण्याच्या नियमाने येथे नेमकी कोणाची स्वायत्तता राखली, हा प्रश्न रास्तच आहे. २ सप्टेंबरच्या निवडणुकीत माजी गोलरक्षक कल्याण चौबे यांनी भायचुंग भुतिया यांच्यासारख्या माजी कर्णधाराला ३३ विरुद्ध १ मतांनी हरवले.

माजी न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव यांनी तयार केलेल्या घटनेच्या मसुद्याला काही बदलांसह सर्वोच्च न्यायालयाची मंजुरी मिळाली, ती सप्टेंबर २०२५ मध्ये.