डिस्नी वर्ल्डच्या हॉटेलात राहणाऱ्यांना राइडचं सात दिवस आधी बुकिंग: कुणाला मिळतं, काय लागतं आणि कुठे अडतं

ऑरलँडोच्या डिस्नी वर्ल्डला जाणाऱ्या आपल्या मंडळींचं राइड-बुकिंग बहुतेक वेळा दोनच ठिकाणी अडतं, तारीख मोजण्यात आणि हॉटेलच्या कन्फर्मेशन नंबरात. बाकीचं काम खरं तर पाच-दहा मिनिटांचं आहे. पण या दोन गोष्टी चुकल्या की भारतातून आलेले आई-बाबा, कशीबशी जुळवलेली ख्रिसमसची सुट्टी, हॉटेलला मोजलेले ढीगभर पैसे हे सगळं असूनही ऐन वेळी डिस्नीचं ॲप बुकिंग करूच देत नाही, आणि कस्टमर सर्व्हिसला फोन लागेपर्यंत चांगल्या वेळा निघून गेलेल्या असतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

आधी लाभ नक्की काय आहे ते. डिस्नीच्या बहुतेक मोठ्या राइडना दोन रांगा असतात, एक साधी आणि एक लाइटनिंग लेन. लाइटनिंग लेनला तुम्हाला एक तासाची वेळ मिळते, त्या तासात कधीही जायचं आणि बरंच कमी थांबून आत जायचं. मल्टी पास घेतला की एका पार्कमधल्या तीन राइडच्या वेळा आधीच घेऊन ठेवता येतात. बाहेर राहणाऱ्यांना हे पार्कच्या दिवसाच्या तीन दिवस आधी करता येतं, आणि डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना चेक-इनच्या सात दिवस आधी, तेही अख्ख्या मुक्कामाचं एकदम, जास्तीत जास्त चौदा दिवसांपर्यंत. लाभ एवढाच. पास फुकट नाही, त्याचे पैसे तुम्हालाही भरावे लागतात, आणि दर पार्कप्रमाणे आणि दिवसाप्रमाणे बदलतो, सुट्ट्यांमध्ये चांगलाच चढतो.

"डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना फास्टपास (लाइटनिंग लेनच्या आधीची सोय) फुकट असतो आणि साठ दिवस आधी मिळतो" असं कुणी सांगितलं तर ती जुनी गोष्ट आहे. २०२० मध्ये कोविडमुळे पार्क बंद झाले तोपर्यंत ते खरं होतं, हॉटेलवाल्यांना ६० दिवस आधी आणि बाकीच्यांना ३० दिवस आधी, दोघांनाही फुकट. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये जीनी प्लस आलं, पैसे भरायचे आणि बुकिंग त्याच दिवशी. आणि २४ जुलै २०२४ पासून आत्ताचं मल्टी पास आहे. त्यामुळे २०२० च्या आधी जाऊन आलेल्या मावसभावाचा सल्ला प्रेमाने ऐका, पण त्यावर प्लॅन करू नका.

आता पात्रता. डिस्नीची स्वतःची हॉटेलं, म्हणजे स्वस्तातल्या ऑल-स्टार आणि पॉप सेंचुरीपासून ते ग्रँड फ्लोरिडियनपर्यंत सगळी यात येतात. महागड्या हॉटेलात राहिलात म्हणून जास्त लवकर बुकिंग मिळत नाही, सगळ्यांना सात दिवसच, त्यामुळे फक्त या एका कारणासाठी महाग रूम घेऊ नका. स्वॉन, डॉल्फिन आणि स्वॉन रिझर्व्ह ही हॉटेलं डिस्नी चालवत नाही तरी त्यांनाही मिळतं, अमेरिकन लष्करातल्यांसाठी असलेल्या शेड्स ऑफ ग्रीनलाही मिळतं. खरी भानगड होते ती आजूबाजूच्या हॉटेलांची. डिस्नीच्या पानावर "आणि इतर निवडक हॉटेलं" असं मोघम लिहिलेलं असतं आणि सामान्य माणसाने त्यातून काय समजायचं ते कुणी सांगत नाही. पार्क हॉटेलपासून दहा मिनिटांवर आहे, हॉटेलची शटल आहे, नावात लेक ब्यूना व्हिस्टा आहे, वेबसाइटवर "गुड नेबर" (डिस्नीने मान्यता दिलेलं बाहेरचं हॉटेल) लिहिलंय, यातल्या कशानेही हा लाभ मिळत नाही. शेजारच्या किसिमी गावातलं भाड्याचं घर तर धरूच नका, मोठ्या कुटुंबाला ते परवडतं आणि डाळ-भाताची सोय होते हे खरं, पण तुमचे तीन दिवसच. रूम बुक करायच्या आधी हॉटेललाच सरळ विचारा की लाइटनिंग लेनचं सात दिवस आधीचं बुकिंग तुमच्या पाहुण्यांना आहे का, आणि उत्तर ईमेलवर मागा. पार्कमध्ये अर्धा तास लवकर सोडतात तो लाभ वेगळा आहे, तो आहे म्हणजे हाही असेलच असं गृहीत धरू नका.

तारीख. इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. सात दिवस हे चेक-इनच्या तारखेपासून मोजायचे, पार्कला जायच्या तारखेपासून नाही. समजा २० डिसेंबरला चेक-इन आहे, २१ ला आराम आणि २२ ला हॉलिवूड स्टुडिओज हे पार्क. तुमचं बुकिंग १३ डिसेंबरला उघडतं, २२ चं सुद्धा आणि २४ चं सुद्धा. लोक २२ मधून सात वजा करून १५ ला उठतात, आणि त्या दोन दिवसांत बाकीच्यांनी तिथल्या स्लिंकी डॉग राइडच्या सकाळच्या वेळा कधीच उचललेल्या असतात. बाहेर राहणाऱ्यांचं उलट आहे, त्यांना प्रत्येक पार्कच्या दिवसाआधी तीन दिवस असं वेगवेगळं मोजायचंय, म्हणजे २२ साठी १९ ला आणि २४ साठी २१ ला परत.

वेळ सकाळी ७ ची, पण फ्लोरिडाच्या घड्याळाने. न्यू जर्सीवाल्यांना काही फरक नाही, डॅलसला तेव्हा ६ वाजलेले असतात आणि बे एरियात पहाटेचे ४. पुण्या-मुंबईतून कुणी करणार असेल तर हिवाळ्यात संध्याकाळी साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार, कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. दिवाळीच्या सुट्टीतली ट्रिप असेल तर हा नोव्हेंबरचा रविवार मध्ये येतो का ते कॅलेंडरवर बघून घ्या.

आता तो नंबर. ॲपला तुम्ही डिस्नीच्या हॉटेलात राहणार आहात हे आपोआप कळत नाही. माय डिस्नी एक्स्पीरियन्स ॲपमध्ये रूमचं रिझर्व्हेशन लिंक करावं लागतं आणि त्यासाठी डिस्नीचा कन्फर्मेशन नंबर लागतो. थेट डिस्नीकडून त्याच ईमेलने रूम घेतली असेल तर ती बहुतेक वेळा आपसूक दिसते. पण एक्सपीडियासारख्या साइटवरून किंवा ट्रॅव्हल एजंटकडून घेतली असेल तर तुमच्या हातात जो नंबर असतो तो बरेचदा त्या साइटचा किंवा एजंटचा असतो, डिस्नीचा नाही, आणि तो ॲपमध्ये कितीही वेळा टाकला तरी चालत नाही. भारतातून पॅकेज घेणाऱ्यांना तर नुसतं व्हाउचर देतात, त्यावर हॉटेलचं नाव, तारखा, शिक्का सगळं असतं, फक्त हा नंबर नसतो. एजंटला "व्हाउचर पाठवा" म्हणू नका, "डिस्नीचा हॉटेल कन्फर्मेशन नंबर द्या" असं स्पष्ट म्हणा, आणि पैसे पूर्ण भरायच्या आधी म्हणा. कधी कधी असे नंबर होलसेलरकडून हॉटेलकडे उशिरा जातात, त्यामुळे एजंट "नंतर देतो" म्हणाला तर तो खोटंच बोलतोय असं नाही, पण तुमचा सातवा दिवस त्याच्यासाठी थांबणार नाही. निदान महिनाभर आधी मागायला सुरुवात करा. स्वॉन-डॉल्फिनचा नंबरही आधी लिंक करून बघा, चालला नाही तर हॉटेलला फोन करायला वेळ हाताशी हवा.

लिंक करताना नंबरसोबत आडनाव विचारतात आणि इथे आपल्या नावांची खास अडचण होते. पासपोर्टवर एक, रिझर्व्हेशनवर दुसरं. लग्नाआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही आडनावं जोडलेली, वडिलांचं नाव चुकून आडनावाच्या रकान्यात गेलेलं, किंवा एजंटने देशपांडे मध्ये एखादं अक्षर खाल्लेलं. ॲपला रिझर्व्हेशनवर जसं आहे तसंच लागतं, बरोबर काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जुळत नसेल तर कन्फर्मेशनच्या ईमेलवर बघा नाव कसं छापलंय आणि तेच टाका, किंवा फोन करून रिझर्व्हेशनवरचंच दुरुस्त करून घ्या.

आणि रूम लिंक झाली म्हणून थांबू नका, ती उघडून माणसं बघा. एजंटने बुक केलेल्या रूममध्ये बरेचदा पहिल्याचंच नाव असतं आणि बाकीच्यांच्या जागी नुसतं "गेस्ट" लिहिलेलं असतं. हा लाभ माणसागणिक आहे. आजींचं नाव त्या रूमवर नसेल तर तुमच्या सगळ्यांच्या वेळा मिळतील आणि आजी मात्र यादीत येणार नाहीत, मग तीन दिवस आधी त्यांचं वेगळं करायचं आणि तोपर्यंत तीच वेळ शिल्लक असेल याची खात्री नाही. दोन कुटुंबं मिळून जाताना एक डिस्नीच्या हॉटेलात आणि दुसरं बाहेर असेल तरी हाच घोळ होतो, म्हणून आधीच ठरवून घ्या. आजी-आजोबांना स्वतःचा फोन किंवा अकाउंट लागत नाही, एकाच माणसाच्या ॲपमध्ये सगळ्यांची नावं आणि तिकिटं जोडता येतात.

तिकिटं ही तिसरी गोष्ट. पार्कचं तिकीट नुसतं विकत घेऊन उपयोग नाही, ते प्रत्येकाच्या नावावर, त्या तारखेसाठी, ॲपमध्ये दिसलं पाहिजे, नाहीतर मल्टी पास घेता येत नाही. ३ वर्षांच्या आतल्या मुलांना तिकीटही लागत नाही आणि पासही लागत नाही, पण रूमवर बाळाचं नाव असू द्या.

कार्ड आदल्या दिवशी ॲपमध्ये सेव्ह करा. भारतातलं कार्ड वापरणार असाल तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू आहेत का ते बघा, २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने हे आपण स्वतः चालू करावं लागतं. आणि पैसे भरल्यावर सहसा परत मिळत नाहीत, तेव्हा पार्कचा दिवस पक्का करूनच घ्या.

प्रत्यक्ष बुकिंग सोपं आहे, माणसं निवडा, तारीख, पार्क, तीन राइड, पैसे. फक्त मॅजिक किंगडम, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या तिन्हीत राइडचे दोन गट आहेत, पहिल्या गटातली एकच घेता येते आणि दुसऱ्यातल्या दोन. म्हणजे एपकॉटला रेमी आणि फ्रोझन दोन्ही आधी मिळणार नाहीत, एक निवडावी लागेल. ॲनिमल किंगडमला असे गट नाहीत. एक राइड वापरून झाली की त्याच दिवशीची पुढची घेता येते, त्यामुळे पहिली वेळ सकाळची घ्या, संध्याकाळची घेतलीत तर दिवसभर हात बांधले जातात. सगळ्यात गाजलेल्या काही राइड मल्टी पासमध्ये नसतातच, ट्रॉन, कॉस्मिक रिवाइंड, राइज ऑफ द रेझिस्टन्स, फ्लाइट ऑफ पॅसेज यांचा सिंगल पास वेगळा, पैसे वेगळे, दिवसाला जास्तीत जास्त दोन. हॉटेलवाल्यांना तोही सात दिवस आधीच.

पैसे भरायच्या आधी मुलांची उंची मोजा, घरी, बूट काढून. ट्रॉनला १२२ सेंटीमीटर, फ्लाइट ऑफ पॅसेजला ११२, कॉस्मिक रिवाइंडला १०७, स्लिंकी डॉगला ९७. गेटवर पट्टी लावून बघतात आणि तिथे कुणाचंही चालत नाही. रडणारं पोर आणि वाया गेलेला पास हे दोन्ही टाळता येतं. लहान भावंडामुळे एक पालक बाहेर थांबणार असेल तर तिथल्या माणसाला रायडर स्विच मागा, दोघांना आळीपाळीने जाता येतं.

आई-बाबांच्या गुडघ्यांसाठी अपंगांचा पास मिळेल का हे खूप जण विचारतात. तो डीएएस पास ऑटिझमसारख्या कारणाने रांगेत जास्त वेळ थांबता न येणाऱ्यांसाठी आहे, चालायला त्रास होतो यासाठी नाही, आणि त्यासाठी खोटं सांगू नका, पकडलं गेलं तर कायमची बंदी घालू शकतात. व्हीलचेअर भाड्याने मिळते आणि ती बहुतेक रांगांमध्ये नेता येते. ज्येष्ठांनी ती घ्यायला लाजू नये, दिवसभरात खूप चालणं होतं.

हे सगळं फ्लोरिडाचं आहे. कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडला सात दिवस आधीची ही सोय नाही, तिथे मल्टी पासच्या वेळा पार्कमध्ये शिरल्यावरच घ्यायच्या असतात.

ज्यांना खरंच फुकट पास हवाय त्यांच्यासाठी ऑरलँडोतच युनिव्हर्सल ही दुसऱ्या कंपनीची पार्क आहेत. तिथल्या तीन हॉटेलांत, पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक, रूमवर नोंदवलेल्या प्रत्येकाला अनलिमिटेड एक्सप्रेस पास (तिथली कमी थांबायची रांग, कितीही वेळा) मिळतो, वेगळे पैसे नाहीत. कबाना बे, सफायर फॉल्स, एंडलेस समर ही हॉटेलंही युनिव्हर्सलचीच पण त्यांना हा पास नाही, आणि लोक स्वस्त दर बघून तिथे बुक करतात मग लॉबीत जाऊन विचारतात. पास युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर या दोनच पार्कला चालतो, २२ मे २०२५ ला उघडलेल्या एपिक युनिव्हर्सला नाही आणि व्होल्केनो बेलाही नाही. पार्कचं तिकीट वेगळं घ्यावंच लागतं. चांगली गोष्ट ही की चेक-इन आणि चेक-आउट दोन्ही दिवस धरतात, म्हणजे एक रात्र राहिलात तरी दोन दिवस पास चालतो. रूम दुपारी मिळणार असली तरी सकाळीच काउंटरवर जाऊन चेक-इन करा, सामान त्यांच्याकडे ठेवा आणि पास काढून निघा. रूम मिळेपर्यंत लॉबीत बसून राहिलात तर पहिला अर्धा दिवस हातचा जातो.