सामनाचर्चा, इटालियन फुटबॉलमधील

व्यावसायिक फुटबॉल सामना संपल्यावर समर्थकांनी आपल्या संघाच्या खेळाची केलेली चिकित्सा. फुटबॉल रुजलेल्या बहुतेक देशांत ही प्रथा आढळते; इटलीत तिला स्वतःची साधने व परिभाषा लाभली. सेरी आ या इटलीतील सर्वोच्च साखळी स्पर्धेचे सामने दीर्घकाळ रविवारी दुपारी एकाच वेळी होत, त्यामुळे सोमवार हा चर्चेचा दिवस ठरला. कॉफीचे बार व कामाच्या जागा ही तिची नेहमीची ठिकाणे.

मिलानचे ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ (स्थापना १८९६) व इतर क्रीडादैनिके प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण देतात. ही गुणपत्रिका (पाजेल्ले) शालेय पद्धतीवर बेतलेली असून ६ गुण म्हणजे समाधानकारक खेळ. प्रत्यक्षात बहुतेक गुण ४ ते ८ यांदरम्यान राहतात. त्यामुळे अर्ध्या गुणावरूनही वाद रंगतो.

दुसरे साधन मोव्हिओला, म्हणजे वादग्रस्त क्षणाची चित्रफीत संथ गतीने पुन्हा दाखवणे. या नावाचे मूळ यंत्र इवान सेरूरिए यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत चित्रपट-संकलनासाठी बनवले. ऑक्टोबर १९६७ मधील मिलान-इंटर सामन्यात जान्नी रिव्हेरा यांच्या गोलविषयी शंका निघाली, तेव्हा पत्रकार कार्लो सास्सी यांनी चित्रफीत संथ गतीने दाखवून चेंडू रेषेपार गेला नव्हता, असे मत मांडले. या पुराव्याच्या मर्यादा मात्र क्वचितच ध्यानात घेतल्या जातात. युरोपीय दूरचित्रवाणीच्या चित्रफितीत सेकंदाला २५ चौकटी असत. ताशी १०० किमी. वेगाचा चेंडू दोन चौकटींदरम्यान एक मीटरहून अधिक सरकतो. शिवाय कॅमेरा गोलरेषेच्या सरळ समोर नसेल, तर चेंडूची जागा फसवी दिसते.

या वादप्रियतेचे मूळ पुष्कळदा दूरचित्रवाणीत शोधले जाते. आल्दो बिस्कार्डी यांच्या कल्पनेतून १९८० मध्ये सुरू झालेल्या, खटल्याच्या धर्तीवरील सोमवारच्या कार्यक्रमाने त्या मताला बळ दिले. परंतु निकालांचे अंदाज भरण्याची साप्ताहिक कूपने १९४६ पासून व सामन्यांचे एकत्रित रेडिओ-धावते वर्णन १९६० पासून प्रचलित होते. तेव्हा दूरचित्रवाणीने जुन्याच सवयीला पुरावा पुरवला, असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

इटालियन लेखक व चिन्हमीमांसक उंबेर्तो एको यांनी १९६९ मध्ये अशा चर्चेला राजकीय चर्चेची जागा घेणारी, बोलण्याविषयीचे बोलणे ठरवले. मार्सेय, नापोली व तुरिन येथे क्षेत्रकार्य केलेले फ्रेंच मानवशास्त्रज्ञ क्रिस्तियाँ ब्रोंबर्जे यांना तीत गुणवत्ता, नशीब व न्याय यांविषयीचा गंभीर विचार दिसतो. पराभवानंतर समर्थक प्रशिक्षकाची संघनिवड, बचावफळी मैदानात किती पुढे उभी होती, दमलेला मध्यरक्षक अशी कारणे बारकाईने तपासतात. त्यांच्या या विवेचनाशी ब्रोंबर्जे यांचे मत अधिक जुळते.

१९९३ पासून सामने वेगवेगळ्या वेळी विभागले गेल्याने सोमवारचे एकहाती महत्त्व ओसरले. २०१७ मध्ये सेरी आ मध्ये व्हीएआर (चित्रफीत पाहून पंचाला साहाय्य करणारी व्यवस्था) आले. तेव्हापासून वादाचा रोख चेंडूइतकाच पंचाने पडदा पाहायला हवा होता का, या प्रश्नाकडेही वळला आहे.