भोक नसलेल्या पिशवीतून वास येतो कसा?

सोलापूरहून पुण्याला जाताना शेंगा चटणीचं पाकीट बॅगेत टाकलं की काय होतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. पाकीट शाबूत असतं, तेलाचा डागही नसतो आणि तरी रात्री बॅग उघडली की शर्टाला लसणाचा वास येतो. पिशवीला भोक नव्हतं, मग वास बाहेर आला कुठून?

हा प्रश्न पुन्हा डोक्यात आला तो भाचीच्या फोनमुळे. जुळे सोलापुरात ती राहते, घरात दोन मांजरं आहेत. तिने नुकताच स्वयंचलित लिटर बॉक्स, म्हणजे मांजरांच्या शी-शूसाठीची लिटर नावाच्या कोरड्या मातीची पेटी घेतली. मांजर उठून गेलं की थोड्या वेळाने ड्रम आपोआप फिरतो, कोरडं लिटर चाळलं जातं आणि शी-शूचे गोळे खालच्या ड्रॉवरमध्ये पडतात. त्या ड्रॉवरला आतून पिशवी लावायची. "मामा, दुकानात ३० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे, ऑनलाइन ६० मायक्रॉनची 'वासरोधक' म्हणून मिळतेय. जाड घेतली की वास बंद होईल ना?"

जाड म्हणजे वास बंद, हा समज फार पसरलेला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वासाचं मूळ. मांजर मुळात कोरड्या प्रदेशातला प्राणी, पाणी जपून वापरणारा, त्यामुळे त्याचं मूत्र दाट असतं. त्यातल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात, तो डोळ्यांना झोंबणारा वास. शिवाय मांजराच्या मूत्रात फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. नसबंदी न झालेल्या बोक्यात ते जास्त. त्याच्या विघटनातून थायॉल या गंधकयुक्त गटातली संयुगं तयार होतात आणि आपल्या नाकाला ती अगदी नगण्य प्रमाणातही कळतात. लसणाचा वासही गंधकाच्याच संयुगांचा. म्हणजे चटणीचं पाकीट आणि बोक्याची पिशवी यांचं रसायनशास्त्र एकमेकांचं शेजारी आहे.

गोळे बांधणारं लिटर बहुधा बेंटोनाइट मातीचं असतं. ही माती आपल्या ओळखीची आहे. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या मिटतात, ते ज्या फुगणाऱ्या चिकणमातीमुळे, त्याच कुळातली ही. ओला गोळा जड होतो, हे पिशवी निवडताना लक्षात ठेवायचं.

आता पिशवी. प्लॅस्टिक म्हणजे चादरीसारखी वीण असलेलं कापड, वीण घट्ट तर वास कमी, असं चित्र आपल्या मनात असतं. पण चांगल्या पिशवीत तशी छिद्रं नसतातच. १८३१ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉक्टर मिचेल यांनी पाहिलं की वायू भरलेले रबरी फुगे तोंड बांधलेलं असूनही आपोआप बसतात. १८६६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहॅम यांनी त्याचं उत्तर दिलं: वायू आधी रबरात विरघळतो, मग त्यातून सरकत पलीकडे जातो आणि तिथे बाहेर पडतो. साखर चहात विरघळते तसा वास प्लॅस्टिकमध्ये विरघळतो.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतली गर्दी डोळ्यांसमोर आणा. माणसांच्या मधून जायला ठरलेली वाट नसते. कुणी अंग चोरलं, कुणी वळलं की क्षणभर फट पडते, आपण पाऊल टाकतो, मागची फट मिटते. पिशवीचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिथिलीन, त्याच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्याही अशाच सतत हलत असतात आणि वासाचा रेणू एका फटीतून दुसऱ्या फटीत उडी मारतो. पण याच प्लॅस्टिकमध्ये काही भाग हातात हात गुंफून रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांसारखे असतात, ते स्फटिकी भाग. तिथून रेणूला वाट मिळत नाही, त्याला वळसा घालावा लागतो. १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये सापडलेल्या पॉलिथिलीनच्या साखळ्यांना फांद्या होत्या, म्हणून त्या नीट रांगेत बसत नाहीत. हे एलडीपीई, म्हणजे कमी घनतेचं पॉलिथिलीन, मऊ आणि ताणलं जाणारं. १९५३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल झिग्लर यांनी सरळ साखळ्या जोडण्याची रीत शोधली, ते एचडीपीई, म्हणजे जास्त घनतेचं पॉलिथिलीन. त्यात स्फटिकी भाग बराच जास्त. हातात चुरगाळली की कुरकुर वाजते ती पिशवी साधारणपणे याची. जाडी तेवढीच असली तरी वास ती जास्त अडवते.

मग जाडीचं काय? इथे गणित गमतीचं आहे. जाडी दुप्पट केली की वास झिरपण्याचा वेग निम्मा होतो. पण वासाचा पहिला मागमूस पलीकडे पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे चौपट. समजा पातळ पिशवीला १० मिनिटं लागली, तर दुप्पट जाडीला ४०. वाट पाहायची असेल रात्रभर, तर १० आणि ४० मिनिटांत फारसा फरक उरत नाही. त्यात तापमान वाढलं की साखळ्यांची हालचाल वाढते आणि झिरपणंही. मेमध्ये गॅलरीत ४० अंशांच्या वर ठेवलेली पिशवी जानेवारीतल्यापेक्षा लवकर हार मानते.

खरा अडसर वेगळ्या द्रव्याचा. नायलॉन किंवा एथिलीन व्हिनाइल अल्कोहोल या प्लॅस्टिकच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी, म्हणजे रेणूंमधल्या ओढीने घट्ट धरतात, तेलकट स्वभावाचे वासाचे रेणू त्यांत फारसे विरघळत नाहीत. दमटपणाने हा थर सैल पडतो, म्हणून तो दोन पॉलिथिलीन थरांच्या मध्ये घालतात. 'वासरोधक' पिशवी घ्यायची तर असा मधला थर आहे का, हे वेष्टनावर पाहा. नुसता सुगंध मारलेली पिशवी वास अडवत नाही, त्याच्यावर दुसरा वास चढवते. मांजराला तो आवडला नाही तर ते लिटर बॉक्सकडे फिरकणारही नाही.

पण भाचीला मी सगळ्यात आधी सांगितलं ते हे: ड्रॉवरमधल्या पिशवीचं तोंड उघडं असतं. वास वरून निघून जातो, बाजूच्या थराला विचारतो कोण? पिशवी कितीही भारी असली तरी तिचा उपयोग गाठ मारल्यावर सुरू होतो, घंटागाडी येईपर्यंत. मशीनमध्ये असताना तिने दोनच कामं करायची, फाटायचं नाही आणि नीट बसायचं. जाडीचे पैसे द्यायचे ते फाटू नये म्हणून.

बसण्याचा हिशेब सोपा आहे. ड्रॉवर ३२ सेंटिमीटर लांब, २६ रुंद आणि १५ खोल असेल, तर घेर ११६, त्याचा निम्मा ५८. पिशवी सपाट ठेवल्यावर एवढी रुंद हवी. दुकानातली १९ बाय २१ इंची ४८ सेंटिमीटरच भरते, काठावर चढणार नाही. २४ बाय ३२ ची ६१ भरते, ती चालेल. उंचीला खोली १५, तळाच्या रुंदीचा निम्मा १३ आणि गाठीसाठी २० धरले तर ४८ पुरतात. उरलेलं कात्रीने कापा, कारण ड्रॉवर भरला की नाही हे बरीच यंत्रं अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांनी पाहतात. सैल पिशवी फुगून त्या किरणांच्या आड आली, तर रिकामा ड्रॉवरही भरलेला दिसतो.

'कंपोस्टेबल' पिशवीचा मोह होतो. पण त्यातल्या बऱ्याच पिशव्या कंपोस्ट प्रकल्पातल्या ५८ अंशांच्या आसपासच्या उष्णतेसाठी बनवलेल्या असतात, कचऱ्याच्या ढिगात त्यांचं खत होईल असं नाही. उलट ओल्या गोळ्यांखाली त्या आधीच मऊ पडतात.

आणखी एक. गरोदर बाईच्या घरात मांजर नको, त्याचा केस पोटात गेला की बाळाला बाधा होते, असं अजूनही शिकलेली माणसं म्हणतात आणि चांगलं जीव लावलेलं मांजर घराबाहेर काढतात. दोष केसाचा नाही. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी असलाच तर मांजराच्या विष्ठेत असतो आणि बाहेर पडल्यावर १ ते ५ दिवसांनी संसर्गजन्य होतो. घरात शिजवलेलं किंवा पाकिटातलं खाणाऱ्या, शिकार न करणाऱ्या मांजरात तो क्वचितच सापडतो. मात्र आठवडाभर ड्रॉवर न उघडण्याची यंत्राची सोय नेमकी या मुदतीच्या पलीकडे जाते. म्हणून अशा घरात ड्रॉवर रोज रिकामा करावा आणि ते काम दुसऱ्या कुणी करावं. दुसरं कुणी नसेल तर हातमोजे घालून करावं, नंतर साबणाने हात धुवावेत.

भाचीने शेवटी २४ बाय ३२ ची साधी, कुरकुरणारी पिशवी घेतली. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी, घंटागाडीच्या वेळेला ती गाठ मारून खाली नेते.